मुलुंड, अंधेरी, बोरिवली : फेटा न बांधलेल्या मामाचा प्रवास

या ब्लॉगवर तुम्ही माझ्याबरोबर स्पिती बघितलंत, हंपी बघितलंत, पावसात ताम्हिणीत पंक्चर झालेली माझी बाइकही बघितलीत. या वेळचा प्रवास मुलुंड ते अंधेरी आणि तिथून बोरिवली. बस, एवढाच. नकाशात बघाल तर हसाल. पण सांगतो, आजवरच्या कुठल्याही घाटात माझी एवढी तंतरली नव्हती.

सुरुवात पार्ल्याच्या एका हॉलमध्ये झाली. माझी भाची केतकी, म्हणजे बोरिवलीच्या ताईची मुलगी, तिचा साखरपुडा होता. मी नेहमीसारखा इकडून तिकडे धावपळ करतोय, आणि नवऱ्यामुलाच्या आत्या समोर आल्या. गोड बाई. माझ्या चकचकीत टकलाकडे बघून म्हणाल्या, "केतकीचे आजोबा ना? बसा बाबा, उभे का?" आणि स्वतः खुर्ची ओढून दिली. मी चाळीस वर्षांचा आहे हो! आजूबाजूचे सगळे खो-खो हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. पण जेवणात चव राहिली नाही. केतकी माझ्याहून फक्त चौदा वर्षांनी लहान. तिला सायकल मी शिकवली, पहिलीच्या वर्गात रडत होती तेव्हा खिडकीबाहेर माकडचेष्टा करत मी उभा होतो. आणि आमच्यात नवरीचा हात धरून तिला बोहल्यावर आणतो तो मामा, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागे उभा राहतो तोही मामाच. तिथे उभं राहिल्यावर तीनशे माणसांनी मला आजोबा समजायचं? छ्या!

दुसऱ्याच दिवशी टकलावर केस लावून देणाऱ्या अंधेरीच्या एका क्लिनिकला फोन लावला. त्यांची पहिली मोकळी तारीख लग्नाच्या बरोब्बर बारा दिवस आधीची. फोनवरची मुलगी म्हणाली, "दहा दिवसांत तुम्ही एकदम नॉर्मल, सर." मी मनात हिशेब केला: दहा दिवसांत नॉर्मल, वर दोन दिवस बोनस, म्हणजे बाराव्या दिवशी मामा झुलपं उडवत मंडपात. बायकोला, म्हणजे वैशालीला, म्हटलं, "बघ, झकास जमलं." ती म्हणाली, "नीट विचारलंस ना रे?" मी म्हटलं, "विचारलं गं." ऑफिसात सांगितलं, स्पितीला चाललोय.

पहिला दिवस. सकाळी साडेसहाला मुलुंडहून रिक्षा, एलबीएस रोडने घाटकोपर. पोटभर नाश्ता करून या, असं क्लिनिकने बजावलं होतं, म्हणून स्टेशनबाहेर उभ्याउभ्याच दोन प्लेट इडली आणि एक मेदूवडा हाणला. मग मेट्रो. वर्सोव्याकडे जाताना असल्फाला उजव्या-डाव्या हाताला टेकडीवरची रंगीत घरं दिसतात, ती चुकवू नका. गाडी वळते आणि निळा, पिवळा, गुलाबी असा सगळा डोंगर खिडकीत येतो. आझादनगरला उतरलो. तिकीट चाळीस रुपये. पुढच्या खर्चाचं विचाराल तर एका चांगल्या स्कूटरएवढा झाला, तो घरी आधी बोलून ठेवा.

आता नवख्यांसाठी पहिली सूचना: पुढून बटणं असलेला शर्ट घालून जा. मी टी-शर्ट घालून गेलो. संध्याकाळी तो डोक्यावरून काढता येत नाही, म्हणून क्लिनिकमधल्या सिस्टरने कात्रीने कापला. हंपीचा टी-शर्ट होता तो. वाट लागली.

दुसरी सूचना त्याहून मोठी: फॉर्म वाचा. मी न वाचताच चार सह्या ठोकल्या. मागचे आणि बाजूचे होते नव्हते ते केस मशीनने उतरवून झाले, डॉक्टरांनी मार्करने कपाळावर नवी रेघ मारली, आणि मी आरशात बघत खुशीत म्हटलं, "डॉक्टर, बारा दिवसांनी भाचीचं लग्न आहे, तोपर्यंत भांग पडेल ना?"

डॉक्टर थांबले. "कोणाला? तुम्हाला?"

मग त्यांनी शांतपणे समजावलं. दहा दिवसांत नॉर्मल म्हणजे कामावर जाण्याइतपत नॉर्मल. लावलेले केस महिन्याभरात बहुतेक गळून पडतात, मुळं आत राहतात. मग तीन-चार महिन्यांनी नवे येऊ लागतात, पूर्ण रूप वर्षाने. "आणि तीन आठवडे घट्ट टोपी, हेल्मेट, फेटा काही नाही."

फेटा! लग्नात दोन्हीकडच्या सगळ्या पुरुषांना फेटे बांधायचे ठरलं होतं. ऑर्डर मीच दिली होती. म्हणजे टक्कल तसंही झाकलं जाणार होतं, आणि आता एकट्या मामाचं डोकं उघडं राहणार होतं, तेही पेरलेलं. मी खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःला अशा शिव्या घातल्या की इथे लिहिता येणार नाहीत.

पण अर्धं डोकं भादरल्यावर माघार कुठली? झोपलो पालथा. सुन्न करायची इंजेक्शनं चावतात, खोटं सांगणार नाही; त्यानंतर काही कळत नाही. मागून एकेक मूळ काढत होते, ट्रेमध्ये रांगेने मांडत होते. दुपारी मधली सुट्टी. डोक्याला पट्टी बांधून, हिरवा गाऊन घालून मी दहीभात खाल्ला. शेजारच्या खोलीतला माझ्यासारखाच एक गाऊनवाला समोर लोणचं शोधत होता. "कुठून?" मी विचारलं. "विरार. आणि तुम्ही?" "मुलुंड." "एवढ्या लांबून?" तो म्हणाला. आम्ही दोघं टाके दुखतील म्हणून जपून हसतात तसे हसलो. जेवणानंतर पुढची पेरणी. संध्याकाळी सहाला काम संपलं.

न्यायला ताई आली होती, काखेत उशी घेऊन. रिक्षा अजिबात करू नका, वरचा दांडा कपाळात बसतो. आम्ही टॅक्सी केली. हायवेवर प्रत्येक खड्ड्याला ताई ड्रायव्हरला ओरडत होती, "भैया, आहिस्ता! नया बाल है!" त्याने आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं आणि बोरिवलीपर्यंत गाडी अशी चालवली की मागून सायकलीही पुढे गेल्या. ताईला मी सगळं सांगून टाकलं: फोन, फॉर्म, फेटा. चिकूवाडीला तिच्या घरापाशी उतरताना ती म्हणाली, "तुझं ना, लहानपणापासून असंच आहे."

दुसरा ते पाचवा दिवस. मुक्काम ताईकडे. एक तर ते लग्नघर, आणि दुसरं, बोरिवलीहून लिंक रोडवरची मेट्रो थेट अंधेरीला जाते. केस धुवायला क्लिनिकमध्ये जायचं ते गाडी न बदलता, बसल्या बसल्या होतं. आरामखुर्चीत अर्धवट बसून झोपायचं, जाग आहे तोवर तासातासाला डोक्यावर मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा, डोक्याला बोटसुद्धा लावायचं नाही. हे सगळं मी नीट पाळलं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला डोळे किलकिले करून बघतो तर माझ्या डोक्यावर एक ओंजळ, आणि ओंजळीत तेल!

"काकीऽऽ, नको!" मी असा किंचाळलो की अख्खं घर गोळा झालं.

आमची काकी आदल्या रात्रीच्या गाडीने कुडाळहून लग्नासाठी आली होती. वय पंचाहत्तर. घाण्याचं खोबरेल घेऊन येते, आणि घरात जो बसलेला सापडेल त्याच्या डोक्यावर ओतते. वर्षानुवर्षं हा नियम. ती रागावली. "मेल्या, तेल लावतंय, इख नाय." मग चष्मा लावून जवळून बघितलं आणि तिचा आवाजच बदलला. "अरे, ह्या काय केलंस? तरवो लावलंस?"

तरवो म्हणजे भाताची रोपं. एका वाफ्यात वाढवायची, उपटायची आणि दुसऱ्या शेतात चिखलात ओळीने लावायची. जिने आयुष्यभर गुडघाभर पाण्यात हेच केलं, तिला माझं डोकं एका नजरेत समजलं. डॉक्टरांनी मला अर्धा तास समजावलं होतं, काकीला एक मिनिट लागलं. तेलाची बाटली तिने कपाटात टाकली आणि त्या क्षणापासून ती माझ्या डोक्याची राखणदार झाली. कोणी पाहुणा जवळ आला की लांबूनच ओरडायची, "हात लावू नकोस रे, ओलां आसा!"

चौथ्या दिवशी कपाळाची सूज उतरून डोळ्यांवर आली. चेहरा असा फुगला की ताईच्या सोसायटीच्या वॉचमनने मला गेटवर नाव विचारलं. त्या दिवशी मात्र मी खचलो. आरशासमोर उभा राहिलो आणि ठरवलं, मंडपात मागे कुठेतरी बसायचं. नवरीला आणायला माझा चुलतभाऊ जाईल. मला आजोबा म्हटलं होतं ते परवडलं, हे काय होऊन बसलं! ताईला सांगितलं. तिने केतकीला सांगितलं.

केतकी फोनवर मेंदीची डिझाईनं बघत होती, तशीच उठून आली. "मामा, तू येणार नाहीस मला न्यायला?"

"अगं, फोटोत कसं दिसेल?"

"मला काय करायचंय फोटोचं? पहिलीत सगळ्या वर्गासमोर माकडासारखा नाचलास तेव्हा कसं दिसत होतं?" तिचा आवाज फुटला. "तू नसलास तर मी खोलीतून बाहेरच येणार नाही. बसू देत सगळ्यांना अक्षता घेऊन."

मला रडू आलं. सुजलेल्या डोळ्यांतून पाणी नीट येतही नव्हतं. "येतो गं बाई, येतो," म्हटलं.

सहावा ते बारावा दिवस. सूज उतरली. पहाटे काकीला घेऊन नॅशनल पार्कात फिरायला जायचो. ऊन चढायच्या आत परत. गेटबाहेर चहा, बनमस्का. काकीला तिथली हरणं आवडली नाहीत, "गावाक ह्यांच्यापेक्षा म्हशी बऱ्या" म्हणाली. दहाव्या दिवशी क्लिनिकने खपल्या धुवून काढल्या आणि डोक्यावर बारीक खुंट दिसू लागले, ओळीत. मी विचारलं, "काकी, डॉक्टर म्हणतात हे गळणार. मग उपयोग काय?"

"तरवो लावलो की पयलो पिवळो पडता," ती म्हणाली. "नवी माणसां घाबारतत. मुळां धरली की मगे तरारता."

लग्नाचा दिवस. हॉलमध्ये जिकडे बघावं तिकडे केशरी फेटे. पाच वर्षांच्या पोरापासून भटजींच्या मदतनिसापर्यंत सगळ्यांना. मी एकटा बोडका. केतकीचा हात धरला, तिने माझा घट्ट दाबला. आणलं तिला बोहल्यावर. मागे उभा राहिलो. आता अक्षता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मुळं धरली आहेत, तांदळाने काही होत नाही. पण काकीचा डॉक्टरवर विश्वास कुठला! पहिलं 'सावधान' झालं आणि माझ्या मागे खट् असा आवाज आला. काकीने आपली काळी छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली होती. मंगलाष्टकं संपेपर्यंत तांदूळ छत्रीवर टपटपत राहिले. केतकी हसू दाबताना हलत होती, नवरामुलगा अंतरपाटाआडून विचारत होता, "काय झालं? काय झालं?"

जेवणाच्या पंगतीत त्याच आत्या समोर आल्या. त्या थेट माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही मामा ना? लांबूनच ओळखलं मी. बाकी सगळे फेटेवाले सारखेच दिसतायत." आणि माझ्या पानात आग्रहाने दोन जिलब्या वाढल्या. त्या दिवशी जेवणाला चव होती.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला परतलो. ऑफिसात लोक म्हणाले, स्पितीला जाऊन मुंडण केलंस? हो म्हटलं. चौथ्या आठवड्यात केस उशीवर गळू लागले, सगळे. काकीचा कुडाळहून फोन: "पिवळो पडलो मां? आता धरतलो." चौथ्या महिन्यात धरला. आज आठ महिने झाले, आणि पुढून भांग पडतो. सकाळी आरशासमोर मी नको तितका वेळ उभा असतो, वैशाली बाहेरून दार वाजवते.

जावं का, असं विचाराल तर जा. मजा येते खरंच, आणि वाऱ्यावर केस उडतात ते सुख वेगळंच. फक्त फॉर्म वाचा आणि तारीख विचारून घ्या.

गेल्या रविवारी चेंबूरला केतकीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आत्या दारातच भेटल्या. माझ्याकडे बघून ओळखीचं हसल्या नाहीत, केतकीला हळूच विचारलं, "हा कोण गं, तुझा भाऊ का?"

आठ महिने, एक स्कूटर आणि एक हंपीचा टी-शर्ट याच वाक्यासाठी तर घातले होते मी! वैशालीने मला कोपर मारलं, घे, मिळालं तुला हवं ते, म्हणून. आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितेय? मी त्यांच्यासमोर डोकं वाकवलं, वर हाताने छत्री धरून दाखवली आणि म्हटलं, "भाऊ नाही हो आत्या. मामा. मी मामा."