शाळेची वाकडी भिंत

दुर्गाबाईनं शाळेच्या पायात पोटची पोरगी पुरली, असं चांदूर बाजारच्या आसपास लोक बोलायचे. मोठ्यानं नाही, बायका सरकी निवडताना, पुरुष चिलीम फिरवताना. गड्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ना! पाया खणताना एका कोपऱ्याशी तिनं गवंड्याला थांबवलं, भिंत आत वळवायला लावली आणि बाहेर उरलेल्या जागी दूध ओतलं. तिची शकुन पटकीच्या साथीत गेली म्हणे, पण तेव्हा सारं गाव रानात पळालेलं; तिची माती पाहिली कुणी? रेल्वेच्या पुलाखाली पोरं पुरतात अशी हूल त्या वर्षी उठलीच होती. शाळाही सरकारची. गावाला एवढं पुष्कळ झालं.

दिवस कापसाचे होते. लढाई पेटली अमेरिकेत, तिकडचा कापूस अडला, इकडचा भाव चढला आणि डोकी फिरली वऱ्हाडात. दुर्गाबाईचा थोरला दीर शेषराव बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून मिरवायचा आणि बांध फोडून कापूस पेरायचा. गाईला तोंड घालायला गवताची काडी उरली नव्हती. सरकारनं शाळेला जागा मागितली, तेव्हा ही विधवा बाई पदराआडून बोलली, "भाऊजी, माह्या वाट्याचं वावर तुमीच घ्या. नाल्याकडचा तेवढा तुकडा शाळेले द्या. अन् तिथं पोरीबी बसतीन, साऱ्या जातीच्या."

शेषराव पोट धरून हसला. "पोरी शिकल्या तं कापूस कोन येचन? घे तुकडा. पन शाळा मोडली का दुसऱ्या दिवशी तिथं माहा नांगर!"

अमरावतीहून गोवर्धन मास्तर आले. माणूस भित्रा, कुत्रं भुंकलं तरी पगडी सांभाळायचे. पोरं जमली, चार पोरीही आल्या. मग ती कुजबुज पसरली आणि दिवाळीनंतर वर्गात मास्तर आणि चिमण्या एवढेच उरले. तपासणीला साहेब येणार होता. रिकामी शाळा तो बंद करणार, हे सर्वांना ठाऊक होतं. शेषरावाला जरा जास्तच.

मास्तर दुर्गाबाईच्या दारात गेले. "बाई, काय खरं ते एकदा सांगून टाका. पोरं परत येतील."

"सांगतलं तं कधीच नाई येनार, मास्तर," ती म्हणाली. "तुमी पाटी आना. मले शिकवा."

दुसऱ्या दिवशी ती वाकड्या भिंतीला पाठ लावून बसली. मास्तरांनी पाटीवर काढून दिलेलं अक्षर ती गिरवू लागली. दाराशी जत्रा लोटली.

"काय वो दुर्गाबाई," गर्दीतून पुंजाराम ओरडला, "म्हातारपनी सायबीन होतं का?"

"तू बी ये ना आत, पुंजाराम. तुले तरी कुठं वाचता येते?"

लोक हसले, पण उंबरा कुणी ओलांडला नाही. एवढ्यात गर्दी सारत हाजराबी पिंजारीण आली, लेक परवीनचा हात धरून. "हटो! मेरी बच्ची इनके बाजू बैठेगी. भूत खाएगा तो पहले मेरेकू खाएगा." परवीनला बसवून ती स्वतः दारात ठाण मांडून बसली. पिंजारणीची पोर बसली आणि आपली भ्याली, हे गावच्या पाटलिणीला कसं सोसावं? संध्याकाळपर्यंत तिची मुलगी आत होती. मग दुसऱ्यांच्या.

साहेब आला त्या दिवशी शेषराव बैल जुंपून, नांगर घेऊन नाल्याशी उभा होता. आत पाढे चालले होते. बराच वेळ ऐकून त्यानं बैल वळवले. पुढच्या हंगामात त्याचा नातूही शाळेत आला, चांदीचं कडं घालून.

शाळा वाढली. दुसरी खोली झाली, पडवी झाली, शिकून गेलेल्या पोरींच्या लेकी आल्या. दर वेळी गवंडी म्हणायचा, भिंत सरळ करू. दुर्गाबाई म्हणायची, "राहू द्या." ती गेल्यावर मास्तर तेच म्हणू लागले. मरणाआधी तिनं त्यांना एकट्यांना सांगितलं होतं.

शकुन पटकीनंच गेली. लहान मुलाला जाळत नाहीत. बापानं तिला वावराच्या त्या कोपऱ्यात पुरलं, आणि पाठोपाठ तोही गेला. ही जागा कळली असती, तर गावानं शाळा दुसरीकडे हलवली असती आणि तिथं शेषरावाचा नांगर फिरला असता. नांगर फिरू नये, एवढ्यासाठीच दुर्गाबाईनं शाळा मागितली होती. पोरगी तिथं आधीपासून होती. शाळा नंतर आली.