पाहुण्यांसाठी पडलेलं विमान

जयपुरात घडलेली एकही गोष्ट आमच्या साडूंच्या गैरहजेरीत घडलेली नाही. निदान ते तरी तसंच सांगत. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन जयपूरच्या सोडाला भागात राहायला आले आणि महिन्याभरात टांगेवाल्याला रस्ते नि हलवायाला घेवर ही तिथली मिठाई शिकवू लागले. "भैया, मतलब चाशनी ऐसी नहीं!" म्हणत ते थेट भट्टीपाशी जाऊन उभे राहत. हलवाई बिचारा हसून सोडून देई.

पण त्यांचा खरा अधिकार विमानावर. पन्नासच्या दशकात धंद्यासाठी स्वतःच्या विमानातून हिंडणारे शेठ विरळाच. अशाच एका गिरणीवाल्या शेठजींचं छोटं विमान जयपूरजवळच्या चाकसू गावापलीकडे पडलं. शेठजी गेले, विमान चालवणारा मराठी मुलगाही गेला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. विमान का पडलं, हे कुणालाच कळलं नाही. कुणालाच म्हणजे साडू सोडून. महाराष्ट्रातून पाहुणा आला, की आमेरचा किल्ला दाखवून झाल्यावर साडू त्याला चाकसूकडच्या शेतात नेऊन उभं करत. शेत दर वेळी निराळं. कधी विमान बाजरीत पडे, कधी हरभऱ्यात. मी एकदा हटकलं, तर म्हणाले, "अहो, पिकं बदलतात!" शेवट मात्र ठरलेला. अंगठा ओठांशी नेऊन, डोळा मिचकावून ते म्हणत, "पोरगा प्यायला होता." पाहुणे खूश होत आणि साडू त्यांच्याहून खूश.

हा किस्सा पाहुण्यांबरोबर त्या मुलाच्या गावी, नागपूरला पोचला. एका सकाळी आम्ही चहा घेत असताना साडूंच्या दारात एक वृद्ध गृहस्थ येऊन उभे राहिले. त्या मुलाचे वडील.

"कंपनी काही सांगत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला सगळं ठाऊक आहे म्हणतात. गल्लीत कुजबुज चालते. त्याच्या आईनं घराबाहेर पडणं सोडलंय. खरंच प्यायला होता का हो तो?"

साडूंचा चेहरा पांढराफटक पडला. "मी काही पाहिलं नाही," ते कसेबसे म्हणाले. "ते शेतसुद्धा नाही. सगळं मनानं रचलं."

"रचायचंच होतं, तर चांगलं काही रचायचं होतंत," वृद्ध म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले.

साडू अनवाणीच त्यांच्यामागे धावले. पुढचं मला मेहुणीकडून कळलं. साडू त्यांच्याबरोबर नागपूरला गेले, गल्लीतली माणसं अंगणात जमवली आणि त्या माउलीदेखत म्हणाले, "मी खोटारडा आहे. तुमचा मुलगा कसा गेला, मला ठाऊक नाही."

या प्रवासाबद्दल साडूंनी आजवर एक अक्षर काढलेलं नाही. आता पाहुणे आमेर बघून सरळ घरी येतात आणि जेवणं लवकर आटोपतात. मला मात्र ते थापाडे साडू फार आठवतात.