आईच्या कहाणीच्या फाइली

घरी बसून व्हिडिओ दाबून लहान करण्याचा उद्योग करावा का, असं कुणी विचारलं तर मी हात जोडेन. मी तो अख्खा उन्हाळा केला आहे.

आई गेल्यावर, ती महालक्ष्म्यांच्या सणाला कहाणी सांगतानाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी मी इथल्या, झाशीतल्या इलाइट चौराह्यावरच्या एका दुकानातून डिस्कवर उतरवून आणल्या. फाइली एवढाल्या, की डिस्क तुडुंब भरली. दुकानदार म्हणाला, "भाईसाहब, दूसरी डिस्क ले लीजिए, झंझट ख़त्म." पण माझ्यातला निवृत्त इंजिनिअर दुखावला. म्हटलं, घरीच करू.

मग रोज तेच. सकाळी एक फाइल लावायची, संगणकाचा पंखा घरघरत राहायचा, दुपारी लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. कधी आईच्या गालावर चौकोन उठायचे, कधी शालूचा रंग उडायचा. तिचा चेहरा स्वच्छ दिसलाच पाहिजे, या हट्टापायी मी सगळी जागा चित्राला दिली आणि आवाजाला अगदी तळातलं सेटिंग लावलं. एक फाइल आवाज बंद ठेवूनच तपासली. नथीतले मोतीसुद्धा दिसले. तेवढ्यावर खूश होऊन मूळ फाइली उडवल्या. बुरशी लागलेल्या कॅसेटी आधीच भंगारात गेल्या होत्या. मान आखडली होती, डोळे चुरचुरत होते, मला ते फक्त संपवायचं होतं.

आमच्याकडची महालक्ष्म्यांची कहाणी पुस्तकातली नाही. झाशीत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आमच्या घरातल्या बायकांनी ती तोंडी चालवली. बाकीच्यांनी हातात अक्षता घेऊन ऐकायची. बायको गरौठ्याची, हिंदी घरातली. आईमागे दोन वर्षं तिनं बिचारीनं पुस्तकातूनच अडखळत वाचली. यंदा लेक म्हणाली, "बाबा, कहाणी मी सांगते. आजीची लावा ना, लिहून घेते." एरवी दोन वाक्यांत हिंदीवर घसरणारी पोर वही घेऊन बसली. मला भरून आलं.

आई दिसली, लख्ख. ओठ हलत होते. "ऐका महालक्ष्म्यांनो" एवढं कळलं आणि पुढे रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तशी नुसती गुणगुण. आम्ही दुसऱ्या वर्षाची फाइल लावली, तिसऱ्या वर्षाची लावली. सगळीकडे तेच. मी स्वतःच्या हातानं केलं होतं, अगदी मन लावून.

"बाबा, यहाँ आजी क्या कह रही हैं?" लेकीनं विचारलं. "तुम्ही तर दरवर्षी ऐकायचात ना?"

दरवर्षी मी कॅमेऱ्यामागे असायचो. चित्र हलू नये, आईच्या तोंडावर उजेड नीट पडावा, सगळं लक्ष तिकडे. अक्षता घेऊन मी एकदाही बसलो नव्हतो. ती पेन उघडून माझ्याकडे बघत होती आणि मला पुढचं एक वाक्यही येत नव्हतं.