रज्जाकभाई आणि सीटीची चित्रं

रज्जाकभाई कामाला बसले की आपला मोबाइल भाकरीच्या स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावत. अर्ध्या तासाने झाकण उघडायचं, येऊन गेलेल्या सगळ्या फोनना एका दमात उत्तरं द्यायची आणि डबा पुन्हा बंद. चंद्रपूरच्या इस्पितळात मी नोकरीला लागले त्या दिवशी सर्व्हर रूमच्या दारात उभी राहून मी तीनदा "सर" म्हटलं. त्यांनी मान न वळवता एक बोट वर केलं. ते खाली यायला दहा मिनिटं लागली. मग खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "बस बेटा. राग आला का? एकेकासाठी उठून दार उघडत राह्यलो तं भाजी करपून जाते."

राग आलाच होता. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आलेल्या मला हा माणूस भाजीच्या गोष्टी सांगत होता!

त्यांच्याकडे पदवी नव्हती. गडचांदूरला वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. इस्पितळाचा इन्व्हर्टर दुरुस्त करायला म्हणून आले आणि सर्व्हरच्या नादी लागून इथेच राहिले. इंग्रजी मॅन्युअल ओळीखाली बोट धरून वाचत, अडलेलं वाक्य वहीत उतरवत आणि माझ्यासारख्या कालच्या पोरीलाही बिनदिक्कत विचारत. "विचाराले लाज वाटली का माणूस कामातून गेला," हे त्यांचं ठरलेलं.

आमचा मोठा सर्व्हर एकच. त्याच्या पोटात चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच पेटीत चार स्वतंत्र संगणक असल्याचं सोंग. एकावर नोंदणी, एकावर लॅब, एकावर औषधं आणि चौथ्यावर सीटी स्कॅनची चित्रं. दुखणं या चौथ्याचं होतं. तळमजल्यावर स्कॅन झाला की दुसऱ्या मजल्यावर चित्रं दिसायला पाऊण तास लागे. सिस्टर पेन ड्राइव्ह मुठीत धरून जिने चढत. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या मेंदूत रक्तस्राव आहे की नाही हे वेळेत कळत नसे, म्हणून त्याला अंदाजानेच ॲम्ब्युलन्समध्ये घालून नागपूरला पाठवत. त्यातले काही नुसते टाके घालून परत येत. केबल बदलून झाल्या, स्विच बदलून झाला. फरक शून्य.

भाई दोन दिवस पडद्यावरचे आकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. "हे पाह्य. पंगत बसली चार ओळींची अन् वाढपी एकच. बाकीचे तिघं खांबाले टेकून उभे."

नेटवर्कवरून माल आला की नेटवर्क कार्ड प्रोसेसरला हाक मारतं. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. चित्रांच्या मशीनला चार कोअर, म्हणजे प्रोसेसरचे चार वाढपी, दिलेले होते, पण साऱ्या हाका पहिल्या कोअरच्याच कानावर आदळत होत्या. शिवाय मशीनला दिलेलं कार्ड जुन्या खऱ्या कार्डाची नक्कल होती. ती नक्कल निभावताना दर हाकेला मशीनला हातातलं काम टाकून, ज्याच्या पोटात ते होतं त्या मोठ्या सर्व्हरकडे धावावं लागे. भाईंनी व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेलं कार्ड लावलं आणि चार कोअरना चार रांगा वाटून दिल्या. चित्रं चार मिनिटांत वर जाऊ लागली. सिस्टरांनी त्या दिवशी आम्हा दोघांना समोसे खाऊ घातले.

इथवर थांबले असते तर बरं झालं असतं. पंधरा दिवसांनी भाई सुटीवर गेले आणि मला हुशारी दाखवायची खुमखुमी आली. हाक मारण्याआधी कार्डाने किती वेळ माल साठवायचा, याची एक सेटिंग असते. भाईंचा डबा डोळ्यांसमोर होताच. मी ती वेळ भरपूर वाढवून ठेवली. प्रोसेसरवरचा भार झरझर उतरला आणि मी स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोंभुर्ण्याकडून जनाबाई नावाच्या बाईंना आणलं. मोहफुलं वेचताना अस्वलाने गाठलं होतं. डोकं फाटलेलं, बोलणं बंद. सोबत भाऊ नामदेव. स्कॅन झाला, पण आमच्या सर्व्हरवरून चित्रं बघणाऱ्या नागपूरच्या सर्जनना ती दिसेनात. एक सरकायचं आणि अडकायचं. आमच्या डॉक्टर मॅडम स्वतः धावत आल्या. "प्रणाली, आत रक्त असेल तर इथे ऑपरेशन होणार नाही. नसेल तर एवढ्या लांब हलवणंच जिवावर बेतेल. मला आत्ता चित्रं हवीत."

मी भाईंना फोन लावला. दुसऱ्याच रिंगला त्यांनी उचलला.

"काय बदलवलं?"

मी सांगितलं.

"पयले होतं तसं कर. मंग बोलू."

मी सेटिंग परत फिरवली. चित्रं धावू लागली. थोड्या वेळाने नागपूरहून निरोप आला: आत रक्तस्राव नाही, कवटीला बारीक तडा आहे, हलवू नका, तिथेच टाके घाला.

दुपारी भाई सुटी सोडून आले. रागावले नाहीत. शर्टाच्या खिशातून एक लहानसा जुना फोन काढून दाखवला. "तू डबा पाह्यला, हा नाई पाह्यला. माह्या बायकोचं हार्ट कमजोर हाय. हा फोन कधीच डब्यात जात नाई. तिकडं नागपूरले चित्र पाहणारा संगणक लहान लहान सवाल करते, अन् एकाचं उत्तर आल्याबिगर दुसरा करत नाई. त्याले दरवेळी थांबवलं तं कसं होईन?" मग हळूच विचारलं, "मॅडमले सांगितलं का, हे तू केलं म्हणून?"

"त्यांना नेटवर्क स्लो होतं असं सांगितलं," मी पुटपुटले.

"जा, सांगून ये. मशीनले बोलता येत नाई म्हणून त्याच्यावर ढकलाचं नाई."

मी वॉर्डात गेले. मॅडमनी सगळं ऐकलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. योग्यच होतं. मग मी नामदेवभाऊंकडे वळून म्हटलं, "उशीर माझ्यामुळे झाला, भाऊ." त्यांना त्यातलं फारसं कळलं नसावं. ते खाटेकडे बघत होते. जनाबाईंनी डोळे उघडले होते.

"माही टोपली कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

नामदेवभाऊ हसता हसता रडायला लागले. "बोलली न बाई! टोपली मांगून राह्यली!" मलाही रडू आवरेना. इतकं हलकं मला परीक्षा पास झाल्यावरही वाटलं नव्हतं.

भाई आता निवृत्त होऊन गडचांदूरला असतात. सर्व्हर रूमची किल्ली माझ्याकडे आहे. एखादी सेटिंग बदलायची असली, साधी का असेना, की मी आधी तळमजल्यावर उतरते, सीटीच्या खोलीचं दार लोटते आणि विचारते, "आत कोणी आहे का?"