पगार देऊन घेतलेला भोपळा

त्या कापणीच्या सणाला मी देवाला काहीच दिलं नाही, हे आधी कबूल करतो. जे दिलं ते एका मुकादमाची जिरवायला.

भिलाईत तेव्हा पोलाद कारखान्याची भट्टी उभी राहत होती आणि आमची ख्रिस्ती मंडळी रविवारच्या भक्तीला पत्र्याच्या शेडमध्ये जमायची. आम्ही सगळे नागपूर-अमरावतीकडचे फिटर, वेल्डर. कापायला शेत कुणाचं? पण पहिलं पीक देवाला वाहायची रीत मोडायची नाही म्हणून बाजारातल्या भाज्या वेदीपुढे मांडल्या आणि भक्तीनंतर त्यांचा लिलाव केला. भोपळ्याची बोली लागली तसा मुकादम म्हणाला, "फिटरच्या खिशात काय असन? पाने न् बोल्ट!" मंडळी हसली. मी बोली चढवत गेलो. शेवटी भोपळा माझा झाला आणि बायकोला बाळंतपणासाठी माहेरी पोचवायला राखलेला पगार मंडळीचा. मंडळीच्या पंचांनी देणाऱ्यांत माझं नाव मोठ्यानं वाचलं. काय ती माझी मान, क्रेनसारखी!

घरी बायको म्हणाली, "मले नागपूरले कोन नेते आता? हा भोपळा?"

पैसे परत मागायला तोंड नव्हतं. तिसऱ्या दिवशी भरदुपारी, दिवस भरायच्या आधीच, तिला कळा सुरू झाल्या. मी दारात उभा राहून देवाशी भांडलो. "चूक माझी आहे. शिक्षा तिला देशील तर मी ऐकून घेणार नाही. माझ्या हातात काही उरलं नाही, आता तूच बघ!"

रस्त्यानं माती वाहणारी एक छत्तीसगढी बाई बायकोचा आवाज ऐकून टोपली टाकून आत शिरली. मला बाहेर ढकलत म्हणाली, "पानी तिपो!" मी चूल पेटवून पाणी तापत ठेवलं. सांजेआधी मुलगी झाली, दोघी सुखरूप. त्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली होती. द्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी शरमेनं भोपळा पुढे केला. ती हसली. "रहन दे बाबू, बाईला खवाबे." बायकोलाच खाऊ घाल म्हणाली आणि नावही न सांगता टोपली उचलून गेली.

आमचे पाळक म्हणाले, पैसे असते तर कळा आल्या तेव्हा तुझी बायको एकटी रेल्वेगाडीत असती. ही देवाचीच योजना. मी नाही मानलं. माझी फुशारकी देवाच्या माथी कशाला मारायची? त्यानं मला सावरलं, एवढंच मी जाणतो, आणि तेवढ्यानंही माझे डोळे भरून येतात.

पुढच्या रविवारी पंचांना बजावलं, यापुढे मी काही दिलं तर माझं नाव वाचायचं नाही.

"मंग लोकाईले कसं समजन, तू देल्लं म्हनून?"

"नाही समजनार!"

ते अजून माझ्यावर रुसून आहेत. रुसू द्या. प्रभू, तुझंच तुला देताना मी पुन्हा मान ताठ केली, तर ती तूच वाकव.