दोन गेटांमधला समुद्र

आंतरराष्ट्रीय कायदा अजून जिवंत आहे, असं मनापासून मानणारी माणसं पृथ्वीवर दोनच ठिकाणी उरली होती. एक म्हणजे युरोपातल्या त्या मोठ्या न्यायालयात आणि दुसरं म्हणजे आमच्या पनवेलच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. युरोपातल्यांबद्दल मला अलीकडे थोडी शंका यायला लागली आहे. तिसऱ्या मजल्याबद्दल कधीच नव्हती. तिथे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान राहत. नात्याने ते माझे मावससासरे, पण एवढं लांबलचक नातं जिन्यातून हाक मारायला सोयीचं नाही, म्हणून आधी आमच्या घरात आणि मग सगळ्या बिल्डिंगमध्ये ते मावसोबा झाले. वॉचमनसुद्धा त्यांना 'मावसोबासाब' म्हणायचा. तो बिचारा आझमगढचा. हे त्यांचं आडनाव आहे अशी त्याची समजूत होती.

मावसोबांची सगळी नोकरी जहाजातल्या मालाचा विमा उतरवणाऱ्या एका कचेरीत गेली. मालक ग्रीक, झेंडा पनामाचा, खलाशी फिलिपिनो, साखर ब्राझीलची आणि पाणी शिरलं आपल्या बंदरात, तर भांडायचं कोणत्या देशाच्या कायद्याने, असल्या प्रश्नांवर त्यांनी आयुष्यभर डबा खाल्ला. समुद्राचा कायदा त्यांना आपल्याला रामरक्षा असते तसा पाठ. मात्र प्रत्यक्ष समुद्राशी त्यांचं अजिबात जमत नसे. एकदा मी त्यांना भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्या लाँचमध्ये बसवलं, तर लाँच सुटायच्या आधीच ते हिरवे पडले. तशाही अवस्थेत कठड्याला धरून त्यांनी मला सांगितलं, "इथपासून बारा मैल आपला अंमल. पुढे..." पुढचं समुद्राने ऐकलं.

सकाळी वर्तमानपत्र आलं की ते आधी आतलं परदेशाचं पान उघडत, आणि ते पान कसं निघेल यावर त्या घराचा नाश्ता अवलंबून असे. कोणी करारातून अंग काढून घेतलं, कोणा बलाढ्य देशाने न्यायालयाचा निकाल केराच्या टोपलीत टाकला, की मावसोबांच्या घशाखाली घास उतरत नसे. मावशींनी यावर त्यांच्या पद्धतीने तोडगा काढला होता. कांदा चिरायला घेण्याआधी त्या स्वयंपाकघरातूनच विचारत, "आज कोण बाहेर पडलं? पोहे भिजवू की नको?" गेल्या काही वर्षांत जगाचं असं काही चाललं आहे की त्या घरात पोह्यांचा खप निम्म्यावर आला. मावशी म्हणायच्या, "त्या न्यूयॉर्कच्या काचेच्या इमारतीत बसलेल्यांना कोणीतरी कळवा रे, पनवेलात एक माणूस वाळत चाललाय."

घरातसुद्धा त्यांची सगळी भाषा तीच. गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीचा त्यांनी शेजाऱ्यांशी रीतसर तह केलेला होता. स्वयंपाकघर हा परका सार्वभौम प्रदेश, तिथे पाऊल टाकताना ते उंबऱ्याशी थबकून परवानगी मागत. नकाराधिकार असलेला सदस्य घरात एकच, आणि तो कोण हे सांगायची गरज नाही. एकदा मी त्यांच्याकडची शिडी रविवारी परत देतो म्हणून नेली आणि बुधवारी दिली, तर त्यांनी माझ्यावर निर्बंध लादले. निर्बंध म्हणजे त्यांच्या घरचा आल्याचा चहा बंद. गंमत अशी की निर्बंध माझ्यावर होते, त्यांच्यावर नव्हते, त्यामुळे त्या काळात ते रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन आमचा चहा पीत, आणि जाताना कप विसळून ठेवत मला बजावत, "निर्बंध चालू आहेत, हं."

मासळी आणायला आम्ही कधीमधी करंजाच्या बंदरावर जायचो. तिथेही हे लिलावाच्या गलक्यात उभे राहून कोळणीला समजावत, की किनाऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंतच्या माशांवर कसा त्या त्या देशाचा हक्क असतो. ती कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "दादा, माशाला कुटं ठावं, तो कोनच्या देसाचा! तुला सुरमई पायजे का भासन करायचाय?" मावसोबा त्यावर खूश. "बघा," मला म्हणायचे, "स्थलांतर करणाऱ्या माशांचा हाच तर खरा अवघड प्रश्न आहे. बाईंनी नेमकं बोट ठेवलं." बाईंनी तोवर सुरमईची पिशवी त्यांच्या हातात ठेवलेली असायची.

तर अशा या माणसाच्या दारात एके दिवशी खरोखरचा खटला येऊन उभा राहिला.

आमची सोसायटी उभी आहे ती मागच्या गावाच्या भातशेतीवर. गावच्या देवीची पालखी चैत्रातल्या जत्रेला याच शेताच्या बांधावरून जायची. बिल्डरने बांध बुजवला, भिंत घातली, पुढे एक आणि मागे एक अशी दोन गेटं बसवली, तरी पालखी आपली पुढच्या गेटाने येऊन मागच्या गेटाने बाहेर पडत राहिली. इतपत कोणाची तक्रार नव्हती. पण मग पालखीपुढे डीजे आला. ट्रकवर रचलेले ते कपाटाएवढे डबे वाजायला लागले की आमच्या मांडणीतले पेले आपोआप नाचत कडेला येत. तळमजल्यावर आमचे सेक्रेटरी राहतात. त्यांच्या वडिलांची बायपास झालेली. गेल्या खेपेला म्हाताऱ्यांची छाती धडधडायला लागली, तेव्हा सेक्रेटरींनी सरळ गेटाला कुलूप घातलं. आणि देवीची रीत अशी की पालखी आल्या वाटेने मागे फिरत नाही. ती गेटाबाहेर भर रस्त्यात खांद्यावर उभीच राहिली, मागे गाड्यांची रांग थेट महामार्गापर्यंत, धक्काबुक्की झाली, पोलिसांची जीप आली, आणि वर्षभर गाव आणि सोसायटी एकमेकांकडे बघेनाशी झाली. गावातला दूधवाला आमचं दूध गेटाशी ठेवून पाठ फिरवून जायचा.

चैत्र पुन्हा जवळ आला. सेक्रेटरी म्हणाले बंदोबस्त मागवतो. गावाकडून पांडुशेठ आले. पांडुशेठ म्हणजे ज्यांच्या शेतात आमचं बेडरूम आहे ते. आता त्यांचा खडी-रेतीचा धंदा आहे, गळ्यात सोन्याचा साखळदंड आहे, आणि पालखीचा पहिला खांदा त्यांचा. क्लबहाउसमध्ये बैठक झाली.

"आमची आय आमच्या शेतातून जायाची," पांडुशेठ म्हणाले. "शेत तुमाला इकला. वाट नाय इकली."

"माझे बाबा गेले असते, शेठ!" सेक्रेटरी म्हणाले. "तुमची वाट, आणि आमची वाट लागायची!"

एकमेकांचं ऐकायला कोणीच तयार नव्हतं. कोर्टात जाऊ म्हटलं तर पुढच्या पिढीची सोय. तेव्हा पांडुशेठच म्हणाले, "वकील नको, आमदार नको. तो तिसऱ्या माळ्याचा म्हातारा सांगंल ते. तो कोनाचाच नाय. परवा माज्या ट्रकवाल्यालापन शिव्या घातल्यान, तुमच्या वॉचमनलापन घातल्यान. एकाच मापाच्या." सेक्रेटरी हसले. "मावसोबा? अहो, त्यांच्या जागतिक कोर्टाचा निकाल जगात कोणी पाळत नाही. त्यांच्याकडे पोलीस तरी आहेत का?"

मावसोबा कोपऱ्यात बसले होते. ते उठले, नाटकात राजा उठतो तसे. "परदेशातलं पार्सल तुमच्या घरी येतं ना? आपलं विमान दुसऱ्यांच्या आकाशातून जातं ना? समोर बंदरात रोज जहाजं लागतात, ती काय मारामारी करून लागतात? मोडलेला कायदा पेपरात येतो, सेक्रेटरी. पाळलेल्याचा आवाजच होत नाही." मग जरा थांबून, हळू आवाजात, "निदान आत्ताआत्तापर्यंत तरी पाळत होते सगळे." ते हळू वाक्य फक्त मला ऐकू आलं, कारण मी शेजारी बसलो होतो. त्या सकाळीही पोहे झाले नव्हते.

निकाल त्यांनी चार दिवस विचार करून दिला. परक्या देशाच्या किनाऱ्याजवळूनही जहाजाला जायचा हक्क असतो. मात्र त्याने तिथे तोफा उडवायच्या नाहीत, मासे धरायचे नाहीत, मुकाट्याने आपल्या वाटेने जायचं. याला म्हणतात निरुपद्रवी मार्गक्रमण. तेव्हा पालखी दोन्ही गेटांमधून जाणार, कोणी अडवायची नाही. आणि पहिल्या गेटापासून दुसऱ्या गेटापर्यंत डीजे बंद, ढोल बंद, फटाके बंद. दुसऱ्या गेटापलीकडे खुला समुद्र, तिथे काय हवं ते वाजवा. शिवाय देवीचा जुना विसावा, म्हणजे पालखी टेकवायची जागा, तीही तिला परत मिळाली पाहिजे. पांडुशेठ आणि सेक्रेटरी, दोघांनीही हे पाळायचा शब्द दिला.

ती जागा नेमकी कुठे आहे हे पांडुशेठनी पाय आपटून दाखवलं. ती मावसोबांच्या पार्किंगमध्ये निघाली.

तिथे त्यांची गाडी होती. होती म्हणजे वर्षानुवर्षं कापडाखाली झोपलेली होती. मावसोबा दर रविवारी कापड काढून तिला पुसायचे आणि पुन्हा पांघरूण घालायचे. ती आता सुरू होणं देवाच्याही हातात नव्हतं. शेवटी गावची पोरं आली आणि त्यांनी ती ढकलत बाहेर काढली. मावसोबा स्टिअरिंग धरून ताठ बसून "डावीकडे! थोडं डावीकडे!" असे हुकूम देत होते, आणि वरून मावशी ओरडत होत्या, "अहो, आधी हँडब्रेक सोडा!"

पण माझ्या लक्षात येत होतं, की हे सगळं त्यांना हसण्यावारी राहिलेलं नाही. सेक्रेटरींनी पुन्हा बंदोबस्ताचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "पोलीस आला तर माझा निकाल मी मागे घेतो. दटावून पाळला तर मग मी काय इतकी वर्षं..." आणि वाक्य अर्धवट ठेवून जिना चढून गेले. सगळ्या जगात त्यांच्या डोळ्यांदेखत जे मोडत चाललं होतं, ते निदान दोन गेटांमधल्या एवढ्याशा जागेत टिकतं का, हे त्यांना बघायचं होतं. इथेही मोडलं असतं, तर पोह्यांचा प्रश्न कायमचा मिटला असता.

जत्रेच्या संध्याकाळी ते गेटाशी जाऊन उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट, हातात काठी नाही की शिट्टी नाही. मी त्यांच्या मागे. गेट सताड उघडं होतं. सेक्रेटरींनी आपला शब्द पाळला होता. लांबून आधी पायाखालची फरशी थरथरायला लागली, मग दिवे दिसले, मग तो ट्रक. ट्रक गेटापाशी आला आणि वरच्या पोरांनी आवाज आणखी वाढवला. मावसोबांचा चेहरा लाँचमध्ये झाला होता तसा झाला. त्यांनी हात वर केला नाही. नुसते उभे राहिले.

पालखीच्या दांड्याखालून पांडुशेठनी मान वळवली. "ए, बंद कर!"

"शेठ, वरसाचा एकच दिस हाय!"

"म्हाताऱ्याला सबूद दिलाय. बंद कर म्हनलं ना!"

आणि बंद झाला. एकदम. इतक्या आवाजानंतरची शांतता अंगावर येते. चिरमुऱ्यांच्या गाडीवरची बत्ती सूं सूं करत होती, तेवढी ऐकू आली. मग अनवाणी पावलं, पालखीच्या दांड्याची कुरकुर आणि खांदेकऱ्यांचे श्वास. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते सेक्रेटरींचे वडील वॉकर धरून दारात आले आणि त्यांनी हात जोडले. पालखी पार्किंगमध्ये टेकली. मावशींनी ओटी भरली. विसावा संपला, पालखी उठली आणि मागच्या गेटाकडे निघाली, तेव्हा मावसोबांना अखेर कंठ फुटला. "पलीकडे वाजवायला हरकत नाही, शेठ! तिथे खुला समुद्र!"

"मंग कानात बोटं घाला, मावसोबा!" पांडुशेठ ओरडले, आणि पलीकडे जो काही स्फोट झाला त्याने आमच्या मांडणीतले दोन पेले शहीद झाले. तक्रार कोणी केली नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात परदेशाचं पान नेहमीसारखंच वाईट होतं. मावसोबांनी ते शेवटपर्यंत वाचलं, आणि मग दोनदा पोहे मागून घेतले.

पुढे मावशींच्या गुडघ्यांनी जिन्याशी असहकार पुकारला आणि त्या दोघांना मुलीकडे बंगळुरूला जावं लागलं. गाडी भंगारात गेली. घर भाड्याने दिलं. संध्याकाळी चहाच्या वेळी कोणी आमच्या दाराची कडी वाजवत नाही. चहा होतो, एक कप उगाच जास्त काढला जातो.

यंदा चैत्रात मावसोबा इथे नव्हते. बैठक झाली नाही, निकाल झाला नाही, आठवणसुद्धा कोणी कोणाला केली नाही. दुपारी मी खाली उतरलो, तर तिसऱ्या मजल्यावरचा नवा भाडेकरू आपली गाडी बाहेर काढत होता. "वॉचमन बोला," तो म्हणाला, "आज देवी का दिन है, यहाँ नहीं लगाते." सेक्रेटरी गेटं उघडत होते. संध्याकाळी मी गॅलरीत येऊन बंगळुरूला फोन लावला.

"मावसोबा, ऐका हं," म्हणून मी फोन कठड्याबाहेर धरला. डीजे गेटापर्यंत आला. ट्रकवर पोरं यंदा नवीन होती, पांडुशेठ पालखीच्या मागे गर्दीत कुठेतरी होते. कोणी हात वर केला नाही, कोणी ओरडलं नाही. आवाज आपोआप थांबला.

बराच वेळ मी तसाच फोन धरून उभा होतो. खालून अनवाणी पावलं चालली होती.

"अहो," फोनमधून मावसोबांचा आवाज आला, "काहीच ऐकू येत नाहीये."

"तेच ऐकवतोय," मी म्हणालो.

मग लांबून, बंगळुरूच्या कुठल्याशा स्वयंपाकघरातून, मावशींचा आवाज आला, "काय हो, डोळे का पुसताय? कोण बाहेर पडलं?"

"कोणी नाही," मावसोबा म्हणाले. "भिजव पोहे."