सलीमची शर्यत आणि माझा दुपट्टा

ज्या स्पर्धेत मी भागच घेतला नव्हता, त्या स्पर्धेत मला दोन वेळा ताकीद मिळाली.

स्पर्धा मलेशियात होती आणि भाग सलीमनं घेतला होता. सलीम माझा बालमित्र. सिंदेवाहीत त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांच्या सायकली चालवून बघता बघता त्याला लांब पल्ल्याचा नाद लागला, गावच्या तलावात तो पहाटे हातपाय मारू लागला आणि बेचाळिसाव्या वर्षी त्यानं जाहीर केलं की आपण ट्रायथलॉन करणार. म्हणजे आधी दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल हाणायची, मग एकवीस किलोमीटर धावायचं. सगळं साडेआठ तासांत. मिनिटभर उशीर झाला की पदक गेलं. (मी धानाचा शेतकरी. मला या बांधावरून त्या बांधावर जाताना धाप लागते.)

दोन वर्षं त्यानं घाम गाळला. पण त्याच्या अम्मीनं त्याला एकट्याला पाठवायला साफ नकार दिला. मला घरी बोलावलं आणि लाडवांचा डबा हातात ठेवला.

"दिवाकर, माह्या पोराले एकटं नको सोडजो. अन् उपाशी तं बिलकुल नको राहू देजो."

मी शब्द दिला. पुढची सगळी भानगड त्या शब्दापायी झाली.

सकाळी समुद्रात शेकडो माणसं एकदम उतरली, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या निळ्या टोप्या! अर्ध्या-पाऊण तासानं सलीम बाहेर आला. मी धावत सुटलो, सायकली ठेवल्या होत्या तिथपर्यंत त्याच्या नावानं ओरडत गेलो. टोपी काढल्यावर कळलं की तो कुणी भलताच गोरा गृहस्थ आहे. त्यानं मात्र मनापासून हात जोडले. खरा सलीम तोवर माझ्या मागून सायकल घेऊन निघूनही गेला होता.

सायकलवर त्याचा वेळ गेला. अख्ख्या तालुक्याचे पंक्चर काढणाऱ्या माणसाचं चाक नेमकं त्याच दिवशी बसलं. तो धावायला लागला तेव्हा दुपार झाली होती आणि हाताशी वेळ जेमतेम उरला होता. एकाच रस्त्यावर तीन फेऱ्या होत्या. उन्हानं भलेभले रस्त्याकडेला बसत होते. सलीमला उन्हाचं काही नव्हतं, चंद्रपूर जिल्ह्यात मे महिना काढलेल्या माणसाला ते ऊन म्हणजे सावलीच. पण त्याचे पाय जड झाले होते, आणि ते मला बघवेना.

आता आमच्याकडे शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटली की माणूस जागेवर उभा राहत नाही. तो बाजूनं धावतो, दुपट्टा फिरवतो, हुर्रर्र करतो. उभं राहून टाळ्या वाजवणं म्हणजे समोरच्याची जोडी जिंकावी असं वाटणं. मी तेच केलं. खांद्यावरचा दुपट्टा गरगर फिरवत सलीमच्या बाजूनं निघालो. शंभर पावलांत शिट्टी वाजली. एक ठेंगणी पंचबाई पुढं आली आणि तिनं आम्हा दोघांना ताकीद दिली: बाहेरच्या माणसानं सोबत धावायचं नाही. सलीमनं माझ्याकडं बघितलं. बोलायला त्याच्याकडं श्वास नव्हता, हे माझं नशीब.

दुसऱ्या फेरीत मी शहाण्यासारखा कठड्याआड उभा राहिलो. सलीम आला तो थकलेला, ओठ सुकलेले. अम्मीचे शब्द आठवले. मी हात लांब करून त्याच्या तोंडात लाडू कोंबला. पुन्हा शिट्टी! बाहेरच्या माणसानं खायला देणं हाही गुन्हा निघाला. पंचबाईनं तीन बोटं दाखवून मला समजावलं की तिसऱ्या वेळी तुझा माणूस बाद.

दोन वर्षांची मेहनत, आणि ती मी एका लाडवात घालवणार होतो. माझा माझ्यावर काडीचा भरवसा उरला नव्हता. मी पंचबाईच्या मागं गेलो आणि खुणांनी विनंती केली की मला तुमच्या तंबूत बसवा आणि सोडू नका. तिला ते फार पटलं. मी तोंडात दुपट्टा कोंबून खुर्चीवर बसलो.

शेवटच्या फेरीत बाहेरून हाक आली.

"दिवाकर! ए दिवाकर! कुठी आहेस बे?"

मी कनातीच्या फटीतून बघितलं. सलीम रस्त्यात थांबला होता. धावणारे त्याला ओलांडून जात होते आणि तो कठड्याशी वाकून लोकांना हातानं माझी उंची आणि माझं पोट दाखवत होता. परक्या देशात हा कुठं हरवला, कुणी धरून नेला की काय, या धास्तीनं त्याचा चेहरा पांढरा पडला होता. घड्याळ पुढं पळत होतं. ओरडलो तर तीही बाहेरची मदत ठरून तो बाद होईल, गप्प बसलो तर तो हलणार नाही. मी पंचबाईकडं बघितलं. तिनं बाहेर बघितलं, मग मला बघितलं, आणि शिट्टी खिशात ठेवून पाठ फिरवली.

"सलीम, मी इथी आहो! धाव!"

तो धावला. चार मिनिटं उरली असताना त्यानं रेषा ओलांडली. मी तंबूत ढसाढसा रडलो, पंचबाईनं मला पाणी दिलं. (ते चालतं. मी स्पर्धक नव्हतो.)

आता सलीम दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हिशेब सांगतो की मला शोधण्यात त्याची नऊ मिनिटं गेली. मी घरीच राहिलो असतो, तर तो तेरा मिनिटं राखून पोचला असता. हिशेब बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की मी गेलोच नसतो तर त्यानं शोधलं कुणाला असतं?